बापाची टाकी, लेकाचे शेत

आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी दोन फुटी काचेची टाकी आली. वडिलांना बोनस मिळाला होता आणि मी वर्षभर हट्ट धरून बसलो होतो. दुकानदाराने सांगितले तसे सगळे केले. वाळू सात पाण्यांनी धुतली आणि मग उकळली. दगड ब्रशने घासले. टाकी मिठाच्या पाण्याने पुसली. नळाचे पाणी रात्रभर बादल्यांत ठेवले, शिवाय क्लोरीन मारायला फोटो स्टुडिओतून आणलेले हायपोचे दोन खडे टाकले. मग सहा गोल्डफिश सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झाले. पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. आम्ही घाबरून सगळे पाणी बदलले, वाळू पुन्हा धुतली. तुळशीच्या लग्नाच्या आत सहाही मासे गेले.

दुकानदार म्हणाला, स्वच्छता कमी पडली. आजी म्हणाली, "जाऊ दे रे, घरावरचं काहीतरी त्यांनी अंगावर घेतलं." आजीचे हे वाक्य आजही ऐकू येते. वास्तूच्या पुस्तकांत ते असते, मासे विकणाऱ्यांच्या तोंडी असते. मेलेला मासा संकट घेऊन गेला, आता त्याच रंगाचा दुसरा आणून सोडा. दुकानाच्या दृष्टीने याहून सोयीची श्रद्धा सापडणे कठीण. मला मात्र त्या वयात दुकानदाराचे म्हणणे लागले होते. आपण नीट धुतले नाही म्हणून ते मेले, हे मी पुढे तीसेक वर्षे धरून चाललो.

ते उलट होते, हे मला कळले ते भलत्याच वाटेने. मी वाणिज्य शाखेचा. रसायनशास्त्र शाळेत शिकलो तेवढेच. पण जुनी विज्ञानविषयक नियतकालिके वाचण्याचा नाद लागला आणि लंडनच्या केमिकल सोसायटीच्या जुन्या अंकांमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या नावाशी मी अडखळलो. नंतर त्याच सोसायटीच्या अठ्ठावीस वर्षांनंतरच्या अंकात पुन्हा रॉबर्ट वॉरिंग्टन दिसला. तोच माणूस असेल असे वाटून मी पुढे गेलो. तो त्याचा मुलगा होता. बापाच्या लेखाचा विषय काचेच्या टाकीतले दोन गोल्डफिश, मुलाच्या लेखाचा विषय शेतातली माती. माझे सहा मासे कशाने मेले, याचे उत्तर बापाच्या लेखात नव्हते. ते मुलाच्या लेखात होते.

मासे काचेत ठेवण्याची हौस वॉरिंग्टनच्या आधीची आहे. चीनमध्ये गोल्डफिश शेकडो वर्षे पैदास करून मातीच्या रांजणांत आणि कुंडांत ठेवले जात. लंडनमध्ये सॅम्युएल पीप्सने १६६५ साली काचेच्या भांड्यातले मासे पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. पण हे ठेवणे म्हणजे पाणी बदलत राहणे. सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईने १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या बनवून घेतल्या, आणि अॅना थिन हिने १८४६ मध्ये लंडनला आणलेली प्रवाळे पुढे कित्येक महिने जगवली. त्यासाठी समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहावे लागे. पाणी न बदलता टाकी चालेल का, हा प्रश्न वेगळा होता, आणि तो पडला एका रसायनज्ञाला.

थोरला वॉरिंग्टन १८४२ पासून सोसायटी ऑफ अपॉथेकरीज या औषधे बनवणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत नोकरीला होता. केमिकल सोसायटी १८४१ मध्ये उभी राहिली ती मुख्यतः त्याच्या खटपटीने. प्रीस्टली आणि इंगेनहाउस यांचे काम त्याच्या पिढीला पाठ होते: प्राणी प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात, हिरवी वनस्पती उजेडात त्याच्या उलट करते. मग दोघांना एकाच पाण्यात ठेवले तर हिशेब जुळायला हवा. १८४९ च्या मे महिन्यात त्याने बारा-तेरा गॅलनचे काचेचे भांडे घेतले. तळाशी वाळू, खडी आणि गाळ घातला, दगड रचले, व्हॅलिसनेरियाचे रोप लावले आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले.

व्हॅलिसनेरिया म्हणजे लांब फितीसारख्या पानांची ती पाणवनस्पती. आपल्या नद्यांतही ती आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना तिची फुले आठवतील: मादीफूल मळसूत्री देठावर पाण्याच्या पृष्ठभागाशी येते, नरफुले देठापासून सुटून तरंगत तिच्यापर्यंत जातात.

काही दिवस बरे गेले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर बुळबुळीत हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने इथे जे केले त्यासाठी मी त्याला मानतो. भांडे रिकामे करून घासण्याचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही. डबक्यांत कुजकी पाने खाणारे कोण असते, याचा त्याने विचार केला आणि पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि थर फस्त केला. पाणी निवळले. त्यांची अंडी माशांना खाऊ झाली. १८५० च्या मार्चमध्ये त्याने केमिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, तेव्हा टाकी चालू होती. मासा, वनस्पती, गोगलगाय असा तीन पायांचा समतोल त्याने मांडला.

आता एक हिशेब. आपल्याकडे दुकानात सर्वांत जास्त खपणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असते. म्हणजे दोन घनफूट, सुमारे ५६ लिटर. ब्रिटिश गॅलनमध्ये जवळजवळ साडेबारा. आमच्या घरी आलेली टाकी आणि वॉरिंग्टनचे भांडे एकाच मापाचे होते. त्याने त्यात दोन मासे ठेवले, आम्ही सहा. त्याने तळाशी गाळ घातला, आम्ही वाळू उकळली.

वॉरिंग्टनच्या मांडणीने लोकांना वेड लावले. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. फिलिप हेन्री गॉसच्या १८५४ च्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. दिवाणखान्यात टाकी नसेल तर घर अपुरे, अशी मध्यमवर्गाची स्थिती झाली. आणि मग ती ओसरली. जे. जी. वूड या लेखक-पाद्र्याने १८६८ मध्ये लिहिले आहे की हा ताप उतरला आणि दहातल्या नऊ टाक्या टाकून दिल्या गेल्या. फॅशन बदलली हे एक कारण. पण ज्यांनी टाकी विकत घेतली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वनस्पती लावली, गोगलगायी सोडल्या आणि तरी ज्यांचे मासे मेले, त्यांचे काय? पुस्तकातला समतोल त्यांनी तंतोतंत पाळला होता. समतोलाला चौथा पाय होता आणि तो कोणी पाहिलेला नव्हता.

मासा खातो त्यातल्या प्रथिनांमधला नत्र तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. उरलेले अन्न आणि कुजणारी पाने अमोनियात भरच घालतात. नदीत हे वाहून जाते, पसरते. बंद टाकीत साठते, आणि अमोनिया माशाला विष आहे. कोमट आणि आम्लारी पाण्यात हे विष अधिक जहाल होते, म्हणजे आपल्या हवेत इंग्लंडपेक्षा लवकर. कल्ले भाजल्यासारखे होतात. मासा वर येऊन तोंड उघडतो ते भुकेने नव्हे. वनस्पती थोडा अमोनिया शोषून घेतात, म्हणून भरपूर झाडे आणि दोनच मासे असतील तर निभावते. त्याहून जास्त मासे असतील तर अमोनिया दुसऱ्या कोणी तरी संपवायला हवा.

हा दुसरा कोणी सापडला तो टाकीत नाही. गोठ्याच्या भिंतीवर पांढरा लोणा चढतो तो आपण पाहिलेला असतो. जनावरांच्या मुतातला नत्र मातीत मुरून त्याचा सोरा होतो; बिहारमध्ये अशी माती खरवडून, धुऊन, उकळून सोरा काढणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीच्या दारूचा मोठा आधार तोच होता. पण माती हे कसे करते? दीर्घकाळ ही निव्वळ रासायनिक क्रिया मानली जात होती. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून थोड्या बागेतल्या मातीचे पाणी घातले, तर काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली. रसायन गुंगीत जात नाही. काम कोणी तरी जिवंत करत होते.

हे वाचताना मी थांबलो ते त्या वीस दिवसांपाशी. माझी टाकी नऊ-दहा दिवस टिकली होती.

धाकटा वॉरिंग्टन याच सुमारास रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होता. १८३८ चा जन्म. बाप अपॉथेकरीज हॉलमध्येच राहून काम पाहत असे, त्यामुळे मुलगा तिथल्या धुरात आणि वासांत वाढला, प्रकृतीने नाजूक राहिला, आणि रसायनशास्त्र बापाच्याच प्रयोगशाळेत शिकला. १८४९ च्या मे महिन्यात तो दहा वर्षांचा होता. रोथमस्टेडमध्ये १८४३ पासून गव्हाच्या शेतावर वेगवेगळ्या खतांचे प्रयोग चालू होते. शेतातून झिरपून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट किती वाहून जाते, हे मोजणे त्याच्याकडे होते. त्याने फ्रेंचांचा प्रयोग करून पाहिला, तो खरा निघाला, आणि मग पुढची दहा-बारा वर्षे तो या एकाच गोष्टीच्या मागे लागला.

त्याने जे दाखवले ते आज टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. काम दोन टप्प्यांत होते. पहिल्यात अमोनियाचे नायट्राइट बनते, दुसऱ्यात नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे जीव करतात. पहिला गट आधी वाढतो, दुसरा मागाहून. टाकीच्या भाषेत याचा अर्थ असा: अमोनिया उतरू लागला म्हणून हायसे वाटते, त्याच आठवड्यात नायट्राइट चढतो. नायट्राइट माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, रक्त तपकिरी पडते, भोवती प्राणवायू असून मासा गुदमरतो. दुसरा गट पुरेसा वाढला की मग नायट्रेट तयार होते. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, वनस्पतींना खत म्हणून उपयोगी. हे सगळे जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

हे जीव वेगळे काढून दाखवणे मात्र धाकट्या वॉरिंग्टनला साधले नाही. त्या काळची नवी पद्धत जिलेटिनच्या थरावर जिवाणू वाढवण्याची होती. त्याने तीच वापरली, पुनःपुन्हा वापरली, आणि त्यावर दुसरेच जिवाणू माजत राहिले. १८९० मध्ये झुरिकमध्ये सेर्गेई विनोग्राड्स्कीने कोडे सोडवले. या जीवांना सेंद्रिय अन्न लागतच नाही. अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर आणि पाण्यातल्या कर्बवायूवर ते जगतात. जिलेटिनसारख्या पक्वान्नावर ते वाढणार कसे? त्याने आधी जिलेटिनला फाटा दिला आणि पुढे त्याच्या जागी सिलिकाची निर्जीव जेली वापरली. श्रेय त्याला गेले, ते योग्यच. तरी वॉरिंग्टनची ती वर्षे वाचताना वाईट वाटते. दार बरोबर शोधले होते, किल्ली चुकीची होती.

मला जास्त बोचते ते वेगळेच. बापाच्या टाकीतल्या गाळात आणि खडीवर हेच जीव होते. ओढ्या-तळ्यातल्या गाळाबरोबर ते आले, वाढले, आणि मासे जगले. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या घरात ती क्रिया चालू होती आणि चाळिशीत त्याने ती गव्हाच्या शेतात शोधली. थोरला वॉरिंग्टन १८६७ मध्ये वारला, मुलाचे हे काम सुरू होण्याच्या दहा वर्षे आधी. बापलेकांच्या कामातला हा सांधा तेव्हा जुळला असता तर कित्येक टाक्या वाचल्या असत्या. पण शेतीचे रसायन वाचणारे टाकी ठेवत नव्हते आणि टाकी ठेवणारे गव्हाच्या शेतातल्या निचऱ्यावरचे निबंध वाचत नव्हते.

समतोलाची कल्पना इतकी देखणी होती की तिला धक्का लागायला शंभर वर्षे गेली. जेम्स अॅट्झ या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने १९४९ मध्ये, वॉरिंग्टनच्या भांड्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, समतोल मत्स्यालय ही दंतकथा आहे असे रोखठोक लिहिले. पाण्यात प्राणवायू येतो आणि कर्बवायू जातो तो मुख्यतः पृष्ठभागावाटे, वनस्पतींची भर त्यामानाने किरकोळ. निमुळत्या तोंडाच्या गोल भांड्यात मासा का मरतो, याचे अर्धे उत्तर इथे आहे. आपल्याकडे १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन केले आणि मुंबई पाहायला गेलेली मुले काचेला नाक लावून मासे पाहून आली. परत येऊन त्यांनी बापाकडे हट्ट धरला तो गोल भांड्याचाच.

मग ते जीव टाकीत शोधायला सुरुवात झाली. दुसरा टप्पा 'नायट्रोबॅक्टर' करतो, असे पाठ्यपुस्तके सांगत होती. अमेरिकेतल्या टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर तिथे दुसरेच, 'नायट्रोस्पायरा' जातीचे जिवाणू निघाले. २०११ मध्ये दिसले की पुष्कळ टाक्यांच्या फिल्टरमध्ये पहिला टप्पादेखील जिवाणूंपेक्षा 'आर्किया' नावाच्या, जिवाणूंहून निराळ्या सूक्ष्मजीवांकडे असतो. आणि २०१५ मध्ये धाकट्या वॉरिंग्टनच्या मूळ वाटणीलाच धक्का बसला: दोन्ही टप्पे एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. एकाच वेळी दोन गटांनी ते जाहीर केले. त्यांपैकी नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथल्या गटाला ते मिळाले ते पाणी फिरवून वापरणाऱ्या एका मत्स्यपालन टाकीच्या फिल्टरमध्ये. टाकीत कार्प मासे होते. कार्प म्हणजे गोल्डफिशचे भाऊबंद.

चार वर्षांपूर्वी मी पुन्हा दोन फुटी टाकी घेतली. वाळू एकदाच, माती जाईपर्यंत धुतली; उकळली नाही. व्हॅलिसनेरियाची आठ रोपे लावली. एका मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज माझ्या पाण्यात पिळला, तेव्हा पाणी चहासारखे झाले आणि घरातल्यांनी नाके मुरडली. अमोनिया-नायट्राइट तपासायचे थेंब मागवले. पिळलेल्या स्पंजातले जीव उपाशी राहू नयेत म्हणून माशांच्या खाद्याची चिमूट रोज रिकाम्या टाकीत टाकत होतो. लोक येत, मासे कुठे आहेत विचारत. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही आकडे शून्यावर आले. मग सहा झेब्रा मासे आणले, आठवड्याने आणखी दोन. दुकानात ते परदेशी म्हणून मिळाले. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ च्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात वर्णन केलेला हा आपलाच मासा आहे, हे मी दुकानदाराला सांगितले. त्याने किंमत कमी केली नाही.

गोल्डफिश आणले नाहीत. फूटभर वाढू शकणारा आणि सतत खाणारा मासा या मापाच्या टाकीचा नव्हे. थोरल्या वॉरिंग्टनचे दोनही तसे पाहिले तर दाटीचेच होते.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलतो. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या त्या जुन्याच पाण्यात दोनदा दाबून घेतो. तपकिरी, बुळबुळीत, हाताला ओंगळ वाटणारी वस्तू आहे ती. गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या आठवीतल्या मुलाकडे टाकी आली. त्याला मी माझा स्पंज कापून अर्धा दिला आणि काय करायचे ते समजावून सांगितले. संध्याकाळी सहज डोकावलो, तर त्याच्या आईने तो मोरीत नळाखाली धरला होता आणि शेजारी साबण होता. "काका, किती घाण आहे हो यात," ती म्हणाली. मी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.